फ्लो बॅटरीला आग लागत नाही आणि ती वीस वर्षं टिकते म्हणतात, मग सोसायटीच्या सोलरला सगळे लिथियमच का लावतात?

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. तरीही सोसायटीसाठी तिच्या नादी लागू नका, असंच मी सांगेन.

एम.एस्सी.नंतर दोन वर्षं मी व्हॅनेडियम या धातूवर चालणाऱ्या फ्लो बॅटरीच्या छोट्या सेलवर काम केलं. टेबलावर दोन बाटल्या, मध्ये तळहाताएवढा सेल आणि बाटल्यांतलं द्रावण त्यातून फिरवणारे दोन पंप. दोन्ही बाटल्यांत सल्फ्युरिक ॲसिडमधलं व्हॅनेडियमचं निळंशार द्रावण. चार्जिंग सुरू केलं की एका बाटलीतलं पिवळं व्हायचं, दुसरीतलं हिरवं. मग पिवळी काढून तिथे ताजी निळी लावायची आणि चार्जिंग पुढे चालू. हिरव्याचं जांभळं झालं की ती बाजू भरली. मीटरकडे न बघता, नुसत्या रंगावरून अंदाज यायचा. एका शनिवारी जांभळ्या बाटलीवरचा नायट्रोजन बंद करून घरी गेलो. सोमवारी बघतो तर बाटली हिरवी! हवेतल्या ऑक्सिजनने आमची मेहनत फुकटात उतरवली होती. सर एवढंच म्हणाले, "बूच लावायला डिग्री लागत नाही."

मुद्दा हा, की वीज साठते ती त्या द्रावणात. एका वेळी किती किलोवॅट मिळणार ते सेल ठरवतो, किती तास मिळणार ते टाकी. पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या आपल्या घाटघर प्रकल्पासारखंच. तिथली यंत्रं 250 मेगावॅटची, पण ती किती वेळ चालणार हे वरच्या तलावात पाणी किती चढवलंय त्यावर. लिथियममध्ये तास दुप्पट हवेत तर डबेच दुप्पट घ्यावे लागतात. फ्लोमध्ये टाकी मोठी करा, सेल तेच राहतात.

पण टाकी केवढी? एका युनिटला साधारण 40 ते 50 लिटर द्रावण लागतं. रात्रीच्या 5 युनिटसाठी दोन-अडीचशे लिटर ॲसिड, एका घरामागे! वीस फ्लॅटचा हिशोब तुम्हीच करा, आणि ते कुठे ठेवायचं हे कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरवून दाखवा. शिवाय 10 युनिट भरले तर परत मिळतात सातेक. लिथियम साडेआठ-नऊ देतं.

जागेची अडचण नसेल तिथे गणित बदलतं. चीनमधल्या दालियन शहरात 2022 मध्ये 100 मेगावॅटची व्हॅनेडियम बॅटरी ग्रिडला जोडली. ती 4 तास चालते, म्हणजे 4 लाख युनिट. वरच्या हिशोबाने दीड-दोन कोटी लिटर द्रावण झालं. ते पाण्यातलं असल्यामुळे पेट घेत नाही आणि वर्षानुवर्षं झिजत नाही. दोन्ही बाजूंना व्हॅनेडियमच वापरायचं ही युक्ती 1980च्या दशकात सिडनीत मारिया स्कायलास-काझाकोस यांनी यशस्वी केली. त्याआधी नासाने लोखंड-क्रोमियम वापरून पाहिलं होतं, पण सेलमध्ये दोन द्रावणांच्या मध्ये असलेल्या पडद्यातून इकडचं तिकडे झिरपलं की द्रावणं भेसळ व्हायची. व्हॅनेडियममध्ये झिरपलं तर थोडी वीज वाया जाते, पण द्रावण नासत नाही. ही कल्पना मला अजूनही फार देखणी वाटते.

मग सगळीकडे का नाही? व्हॅनेडियम महाग, त्यात पोलाद उद्योगाची मागणी वाढली की भाव भडकतो. 2018 मध्ये तसंच झालं होतं. दरम्यान लिथियम स्वस्त होत गेलं. आणि आपल्याकडे ऊन! 40 अंशांच्या वर पिवळ्या बाजूचं व्हॅनेडियम हळूहळू गाळ होऊन खाली बसायला लागतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात टाक्या थंड ठेवायलाच वीज लागेल. तरी आठ-दहा तास साठवणूक हवी असेल तर मोठ्या सोलर पार्कसाठी मी फ्लोचा विचार नक्की करेन.

तुमचं म्हणाल तर, नेट मीटरिंग असेल तर दिवसाची जास्तीची वीज ग्रिडकडे जातेच. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरता बॅकअप हवा असेल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची लिथियम घ्या. फक्त ती जिन्याखाली ठेवू नका.