लंगोटाचा पक्का

"मॅडम, पोरगं खातंय, पण अंगाला लागत न्हाई. आधी सहा मिनिटं कुस्ती वढायचा, आता दोन मिनिटांत हातपाय गळतात." मामा बोलत होते आणि भाचा छताच्या पंख्याकडे बघत होता. वीस वर्षांचा, रुंद मानेचा, दोन्ही कान मोडलेले. चार वर्षांपासून कोल्हापुरातल्या एका तालमीत राहायला. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी मामांना बाहेर बसायला सांगितलं. तरी पहिला पाऊण तास तो फक्त 'अशक्तपणा' हा एकच शब्द बोलला. आधी फॅमिली डॉक्टरांकडून तपासण्या करून घे, असं सांगून पाठवलं. पुढच्या आठवड्यात तो कागद घेऊन एकटाच आला. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, लघवी, सगळं ठीक होतं. ते बघून तो खूश व्हायला हवा होता, पण त्याचा चेहरा आणखी उतरला.

"मग ते कागदात दिसत न्हाई म्हणायचं," तो म्हणाला.

"काय दिसत नाही?"

बराच वेळ गेला. मग फरशीकडे बघत म्हणाला, "रात्री झोपेत कपडे खराब होतात. महिन्यातनं चार-पाच येळा. धातू जातोय मॅडम. त्येच्यानं ताकद चाललीय."

धातू म्हणजे वीर्य. ते जाऊन अशक्तपणा येतो, ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येत असते. कॉलेजची मुलं येतात, नवी लग्नं झालेले येतात. 1960 साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी वैद्यकीय लिखाणात तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. पण पैलवानाच्या तोंडून ती ऐकताना जीव जास्त तुटतो, कारण त्याचं सगळं मोल लंगोटावर ठरतं. 'लंगोटाचा पक्का' यापेक्षा मोठी शाबासकी तालमीत नाही, आणि 'लंगोट ढिला' यापेक्षा मोठी शिवी नाही. या मुलाने कुणाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नव्हतं. तरी एका पहाटे अंथरुणात जाग आली, तिसऱ्या दिवशी तो कुस्ती हरला, आणि या दोन गोष्टींची गाठ त्याने मनात कायमची मारून टाकली.

'असं काही नसतं रे' म्हणून मी विषय मिटवला नाही. आपण तसं म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं आणि तो हायवेच्या कडेच्या जडीबुटीच्या तंबूत जातो. हा आधीच जाऊन आला होता. साडेचार हजारांची पुडी, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. अशा ताकदीच्या औषधांच्या जाहिरातीवर 1954 पासून कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगलेल्याच असतात, कारण गिऱ्हाईक लाजेपायी तक्रार करत नाही.

मी त्याला दिवस सांगायला लावला. पहाटे साडेचारला उठून मेहनत. रात्री झोपेत 'तसं' होऊ नये म्हणून बाराला, दोनला आणि चारला गजर. लंगोट आवळून झोपायचं. दूध-तूप उष्ण पडतं म्हणून रात्रीची खुराक बंद, बदामही बंद. हे चार महिने चाललेलं. आणि हरलेल्या त्या कुस्तीआधी वजन बसवायला चार दिवसांत पाच किलो उतरवलेले: अंगात दोन स्वेटर घालून पळणं, पाणी बंद, शेवटच्या रात्री नुसतं थुंकत बसणं.

मी ते कागदावर उतरवत गेले. मग त्याला विचारलं, धातूचा हिशेब तुला कुणी सांगितला?

त्याने ते जुनं गणित म्हणून दाखवलं. चाळीस घास अन्नाचा रक्ताचा एक थेंब, चाळीस थेंब रक्ताचा मज्जेचा एक थेंब, चाळीस थेंब मज्जेचा वीर्याचा एक थेंब. आयुर्वेदातल्या सात धातूंच्या कल्पनेला लोकांनी लावलेला हा पाढा. मी त्याची थट्टा केली नाही, कारण या पाढ्यावर त्याने चार वर्षं स्वतःला घडवलं होतं. शरीरात काय चालतं ते फक्त सांगितलं. एका वेळी बाहेर पडतं ते दोन ते पाच मिलिलिटर. त्यातलं बहुतेक पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं. वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथी ते तयार करतात, पुन्हा पुन्हा. ताकदीशी ज्याचा संबंध आहे ते टेस्टोस्टेरॉन रक्तात फिरतं, त्या वाटेने निघून जात नाही. वयात आलेल्या मुलाला झोपेत असं होणं म्हणजे शरीर आपलं काम नीट करतंय.

"पाच किलो अंगातून उतरवलेस, त्यातलं बहुतेक पाणी. ते काढून आखाड्यात उतरलास, चार महिने धड झोपला नाहीस, आणि हरल्याचा हिशेब एका चमच्यावर मांडलास," मी म्हटलं. पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं.

शब्दसुद्धा घात करतो. आपण त्याला 'स्वप्नदोष' म्हणतो. ज्यात इच्छा नाही, जाग नाही, त्यात दोष कुणाचा? ब्रह्मचर्य हे वागण्याचं व्रत आहे. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांचं मन मेहनतीवर ठेवायला वस्तादांनी ते जपलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण झोपेत शरीर जे करतं ते वागणं नव्हे, म्हणून व्रतही मोडत नाही. गामा पैलवान संसारी माणूस होता, मुलाबाळांचा बाप, आणि 1928 साली पतियाळात पोलंडच्या झिबिस्को पैलवानाला त्याने एका मिनिटाच्या आत चीत केलं तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. हे सांगितल्यावर मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

कुस्ती खेळणाऱ्या मुलीही माझ्याकडे येतात. पाळीच्या दिवसांत वजन वाढलेलं दिसतं, वस्तादांना सांगता येत नाही, ही त्यांची अडचण. पण त्यांना निदान एखादी मैत्रीण असते, कधी आई असते. या मुलाला चाळीस जणांच्या तालमीत एक माणूस नव्हता. पुरुषांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हे आपण त्यांना फार लहानपणी शिकवतो आणि मग ती शिकवण इतकी पक्की होते की जीव गेला तरी तोंड उघडत नाही. म्हणून मी त्याला सरळ विचारलंही, मरावंसं वाटतं का? "गावाकडं जाऊ वाटत न्हाई, पण तसलं न्हाई," तो म्हणाला. उत्तर 'हो' आलं असतं, किंवा उदासी महिनोन्‌महिने हटली नसती, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला असता. लघवीला जळजळ, रक्त किंवा दुखणं असेल तरी डॉक्टरच गाठायला हवा. नुसती गढूळ लघवी बऱ्याचदा क्षारांची असते, धातूची नाही.

ठरलं ते साधंच. गजर बंद, सैल चड्डी घालून झोपायचं, रात्रीचं दूध परत सुरू, पुडी कचऱ्यात. वजनाचं वस्तादांशी बोलायचं: वरचा गट घ्या, नाहीतर तीन-चार आठवडे हळूहळू उतरवू. हे एक वाक्य बोलायला त्याने अठरा दिवस घेतले. मामांना आम्ही 'झोप कमी होती' एवढंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

अडीच महिन्यांनी त्याचा फोन आला. जिल्ह्याच्या निवड चाचणीत तो हरला होता, गुणांवर, सहावं मिनिट संपता संपता.

"काय झालं?" मी भीत भीत विचारलं.

"पट काढताना मान खाली गेली, मॅडम. समोरच्यानं दाबूनच धरलं. वस्ताद म्हणाले, आठवडाभर नुसता पटच घ्यायचा."