फ्रान्समध्ये मोटरसायकलवरून मित्रांकडे जाताना रोज किती अंतर धरावे?

जूनमध्ये ल्योंहून भाड्याची मोटरसायकल घेऊन ग्रेनोब्ल आणि माँपेलिए येथील मित्रांना भेटत दहा दिवसांत परत यायचे आहे, तर रोज किती किलोमीटर धरावेत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते अडीचशेच्या आतच धरावेत, आणि त्याचे कारण रस्त्यांपेक्षा त्या मित्रांच्या घरांत अधिक आहे.

महामार्गावर वेगमर्यादा 130 असली, तरी गावांबाहेरील दुपदरी रस्त्यांवर ती 2018 पासून सर्वसाधारणपणे 80 आहे आणि वस्तीत 50. घाटात तर तासाला पन्नास किलोमीटरही पडत नाहीत. पहिल्या खेपेस मी सव्वाचारशे किलोमीटरचा दिवस आखला आणि रात्री साडेनऊला पोहोचलो. टेबल मांडलेले होते, स्वयंपाक दोनदा गरम करून झाला होता आणि मुले वाट पाहून झोपली होती. सकाळी सातला मला पुन्हा निघायचे होते. इतक्या वर्षांनी भेटून आम्ही नीट बोललोही नाही, याची चुटपुट अजून आहे. तेव्हापासून प्रत्येक घरी दोन रात्री आणि दुपारी चारपर्यंत पोहोचणे, हा नेम मी मोडलेला नाही.

ग्रेनोब्लहून दक्षिणेला एन 85 या राष्ट्रीय रस्त्याने जा. एल्बा बेटावरून परतलेला नेपोलियन मार्च 1815 मध्ये याच वाटेने वर आला, आणि लाफ्रे येथे त्याला अडवायला आलेले सैनिक त्यालाच मिळाले. विझिलपासून लाफ्रेपर्यंतचा चढ फार तीव्र आहे. सामान बांधलेल्या गाडीवर आधीच खालचा गिअर टाकावा. पुढे गापमार्गे सिस्तरॉनला मुक्काम करा. गालिबिएचा घाट (2642 मीटर) मोह घालेल, पण तो जूनच्या सुरुवातीला बर्फामुळे बंदही असू शकतो, म्हणून त्याच्यावर बेत बांधू नका. परतीला माँपेलिएहून ए 75 या महामार्गाने मियो गाठा. तिथला 2004 चा 343 मीटर उंच पूल वरून ओलांडण्यापेक्षा जुन्या रस्त्याने खाली उतरून तार्न नदीकाठावरून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

गावांत एक नियम जपा: वेगळी खूण नसेल तर उजव्या गल्लीतून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते. टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर अग्रक्रम तुमचा. तीवर काळी रेघ मारलेली दिसली की तो संपला. सीई या युरोपीय मानकाच्या खुणेचे हातमोजे 2016 पासून चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला सक्तीचे आहेत, आणि चमकदार जाकीट गाडीवर असावेच लागते. एखाद्या मोटारीने बाजूला होऊन वाट दिली, तर तिथले मोटरसायकलस्वार पुढे जाताना उजवा पाय किंचित बाहेर काढून आभार मानतात; समोरून येणाऱ्या मोटरसायकलस्वाराला डाव्या हाताची दोन बोटे दाखवतात. हे तुम्हीही करा.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यालच. व्हिसासाठी मात्र मित्राच्या घरी राहणार असल्याचे दाखवायचे, तर यजमानाला आपल्या नगरपालिकेतून 'आतेस्तासिऑं दाक्य' नावाचे पत्र 30 युरो शुल्क भरून काढावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून मित्रांशी बोलताना आधी हे सांगा आणि जेवणाचे बेत मागाहून ठरवा.