मेडिक्लेमचे अर्धेच पैसे मिळाले, उरलेला खर्च कोणाचा?

वडिलांच्या ऑपरेशनचं बिल तुम्ही भरलं, विमा कंपनीने जेमतेम अर्धे पैसे परत केले, मग उरलेले हॉस्पिटलकडे मागायचे का, असं तुम्ही विचारलं आहे. हॉस्पिटलकडे नाही. बिल हे रुग्णाचं देणं असतं, आणि विम्याचा करार असतो तुमचा आणि कंपनीचा. रिइम्बर्समेंटमध्ये आधी तुम्ही भरता, मग कंपनी तिचा वाटा तुम्हाला देते. कॅशलेसमध्ये तो वाटा ती परस्पर हॉस्पिटलला देते. म्हणजे जाब विचारायचा तो कंपनीलाच, आणि तुमच्या बाबतीत तो विचारायलाच हवा.

मी क्लेमच्या फायली तपासण्याचं काम करते. 'खोली जरा चांगली घेतली होती' असं तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मला कपातीचं मूळ तिथेच दिसतं. खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि भाडं तिच्या दुप्पट झालं, तर फक्त भाड्यातला फरक कापतील असं सगळ्यांना वाटतं. पण अशा बऱ्याच पॉलिसींत प्रपोर्शनेट डिडक्शनचं, म्हणजे त्याच प्रमाणात इतर खर्चही कापण्याचं, कलम असतं. मग सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेही निम्मेच धरतात. कारण पुष्कळ हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग वाढला की या सगळ्याचे दरही वाढतात. औषधं आणि इम्प्लांट मात्र कुठल्याही खोलीत त्याच किमतीला मिळतात. त्यांनाही ही कात्री लावली असेल, तर कोणत्या कलमाखाली लावली ते लेखी विचारा आणि मागे हटू नका.

दुसरं म्हणजे को-पे, म्हणजे खर्चातला तुम्ही सोसायचा ठरलेला टक्का, आणि डिडक्टिबल, म्हणजे तुम्ही सोसायची ठरलेली रक्कम. हे दोन्ही तुमच्या खिशातून जातात, आणि कोणतं आधी वजा करायचं यानेही रक्कम बदलते. एक लाखाचा मान्य खर्च (म्हणजे कंपनीने ग्राह्य धरलेला), 20 हजार डिडक्टिबल आणि 10 टक्के को-पे धरा. डिडक्टिबल आधी वजा केलं तर हातात 72 हजार येतात, को-पे आधी वजा केला तर 70 हजार. कोणता क्रम लागू आहे ते पॉलिसीत बघा. हे सगळे हिशेब मान्य खर्चावर होतात, पूर्ण बिलावर नाही. हातमोजे, नोंदणी फी, सोबतच्या माणसाचं जेवण असे खर्च बहुतेक पॉलिसींत आधीच वगळलेले असतात.

आता हक्काचे पैसे. भरती होण्याआधीच्या तपासण्या आणि घरी आल्यावरची औषधं, तपासण्या यांचा खर्चही पुष्कळ पॉलिसी ठरावीक दिवसांपर्यंत देतात, जर तो त्याच आजारासाठी असेल तर. डिस्चार्जची फाईल दिली की लोक हे विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्या पावत्या शोधा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जोडा आणि मुदतीच्या आत वेगळा क्लेम टाका.

दुसरी पॉलिसी असेल, उदाहरणार्थ नोकरीतली, तर पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या प्रमाणित प्रती जोडून उरलेली रक्कम तिच्याकडे मागता येते. प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त दोघींकडून मिळूनही मिळणार नाही. पण खोलीच्या मर्यादेमुळे कापलेली रक्कम, दुसरीत तशी मर्यादा नसेल तर, तिथून वसूल होऊ शकते.

आधी कंपनीकडून कपातीचा ओळीनुसार तक्ता मागवा. तो इथे टाकलात, नाव आणि पॉलिसी नंबर झाकून, तर कोणत्या ओळीवर आक्षेप घेता येईल ते मी सांगते.