संधी हातची गेली तर?

निकाल लागले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे मुलांची रीघ लागते, कोणती शाखा घेऊ म्हणून. अलीकडे त्या रांगेत त्यांचे शिक्षकही दिसू लागले आहेत. मोबाइलवर परदेशातल्या शाळेचं ‘ऑफर लेटर’ असतं आणि बोलणं साधारण एकाच वळणाचं: “मॅडम, यात काहीतरी गडबड वाटतेय. पण नाही म्हटलं आणि संधी हातची गेली तर?”

कधी थायलंड, कधी मालदीव, कधी दुबई. काळजी तीच. म्हणून त्यांतल्या एकीची हकीकत तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

मृणाल म्हणू या तिला. वय सत्तावीस, एम.ए. बी.एड., नाशिकच्या इंदिरानगर भागातल्या एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवणारी. सही एका आकड्यावर, हातात पडणार दुसराच आकडा, आणि मे महिन्यात तोही नाही. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झालेली, टेट ही अभियोग्यता चाचणी दिलेली, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे. तिथे नंबर लागला तरी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला ते मानधन 2023च्या वाढीनंतर महिना 18,000. अशा वेळी बँकॉकजवळची ‘नामांकित शाळा’ महिना 35,000 बाथ देतेय म्हटल्यावर कुणाचं मन हलणार नाही?

एजंटाला 1,80,000 रुपये द्यायचे होते. सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालेले बाबा एफडी मोडायला निघाले होते. आई तर सोसायटीत पेढे वाटून मोकळी झाली होती.

“जाऊ की नको, एवढंच सांगा,” ती म्हणाली. हे मी सांगत नाही. बऱ्याच जणांचा त्यावरून हिरमोड होतो, पण या बाबतीत मी हट्टी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी घडण झाली. माणसाला समोरच्या प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल तो स्वतःशी काय बोलतो तेच जास्त छळतं, असं मी मानते. तिचं ते आतलं बोलणं ऐकू येईपर्यंत थांबायचं होतं.

करारपत्राची प्रिंट तिने आणली होती. “लाल पेन आहे का गं?” मी विचारलं. शिक्षिकेच्या पर्समध्ये नसेल तर कुणाच्या? “हा कागद दहावीतल्या मुलाने लिहून आणलाय असं समज आणि तपास.”

हसत हसत तिने टोपण काढलं. शाळेचं नाव कुठे आहे? ‘एजन्सी ठरवेल त्या संस्थेत.’ गोल. पगार ‘35,000 बाथपर्यंत’. त्या ‘पर्यंत’ला गोल. आठवड्याला तास किती, हे लिहिलेलंच नाही, समासात फुली. सहा महिन्यांच्या आत सोडलं तर दोन पगारांचा दंड, आणि त्यांनीच काढलं तर काय होणार याबद्दल अवाक्षर नाही. तिसऱ्या पानावर व्हिसा: ‘सुरुवातीस पर्यटक, पुढे यथावकाश रूपांतर.’ तिथे पेन थांबलं.

“मुलाने असं लिहिलं असतं तर?”

“शेरा मारला असता, मोघम लिहू नये.”

“मग एजंटाला का नाही विचारलंस?”

बराच वेळ गेला. “तो चिडला असता. सीट दुसऱ्या कुणाला दिली असती.”

म्हणजे चुका तिला पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. विचारलं तर खरं उत्तर मिळेल आणि मग निर्णय घ्यावा लागेल, याची तिला धास्ती होती. माहिती कमी पडते म्हणून अडलेली माणसं माझ्याकडे फार थोडी येतात. घरचे ‘नीट चौकशी कर गं’ म्हणत राहतात आणि नेमकी तीच होत नाही, ती यामुळे.

पुढच्या भेटीत मी करार बाजूलाच ठेवला. “समज, नाही गेलीस. सगळ्यात वाईट काय होईल?”

“स्टाफरूममध्ये हसतील. आईने पेढे वाटलेत. मावशी म्हणेल, ही तर न जाताच परत आली.”

“म्हणेल. पुढे?”

“मला सहन नाही होणार.”

“मावशीचं आजवर काय काय सहन केलंयस?”

तिने यादीच सुरू केली. रंगावरून, बी.एड.वरून, मोडलेल्या लग्नावरून, धाकट्या बहिणीच्या पॅकेजवरून. बोलता बोलता तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. “म्हणजे मी पेढ्यांची लाज राखायला चालले होते,” ती म्हणाली. हे वाक्य मी तिला दिलं असतं तर बाहेर पडेपर्यंतही टिकलं नसतं. ते तिचं होतं म्हणून टिकलं. या कामात मला खरा आनंद असतो तो अशा दोन-चार मिनिटांचा.

त्या पेढ्यांच्या खाली आणखी एक थर होता: नाशिकच्या विनाअनुदानित शाळेत राहिलेली मृणाल म्हणजे वाया गेलेली मृणाल. तिची किंमत तिने पगाराच्या आकड्याला बांधून टाकली होती. ती गाठ सैल व्हायला वेळ लागला. ती झाल्यावर कागदांची चौकशी मात्र चार दिवसांत उरकली.

त्या चौकशीबद्दल सांगायलाच हवं. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे 1983च्या उत्प्रवास (एमिग्रेशन) कायद्याखाली परवाना लागतो. त्याचा क्रमांक जाहिरातीतही छापावा लागतो आणि तो खरा आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या बघता येतं. उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती द्यावी लागते. ‘तुमचा पासपोर्ट ईसीएनआर (उत्प्रवास मंजुरी न लागणारा) आहे, तुम्हाला हे काही लागू नाही’ असं पदवीधरांना हमखास ऐकवतात. दहावी पास माणसाला उत्प्रवास मंजुरी लागत नाही, हे सर्वसाधारणपणे खरं. पण तेवढ्याने विनापरवाना एजंट अधिकृत होत नाही.

थायलंडमध्ये शिकवायचं तर शाळेच्या कागदपत्रांवर ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा आणि त्या शाळेच्या नावाचा वर्क परमिट हवा. शिक्षक परवान्याचं काम खुरुसफा ही तिथली शिक्षक परिषद बघते. पर्यटक म्हणून जाऊन वर्गावर उभं राहिलात आणि पकडले गेलात, तर दंड भरून देशाबाहेर जाणार तुम्ही; एजंट इथेच असतो. सप्टेंबर 2022मध्ये तर परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या बनावट नोकऱ्यांबद्दल इशाराच दिला होता. आयटीतल्या तरुणांना तिथे बोलावून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेत होते. तो इशारा शिक्षकांसाठी नव्हता, पण नोकरीसाठी पर्यटक व्हिसावर निघण्याआधी तिथला मालक आणि इथला एजंट यांची खातरजमा करा ही त्यातली सूचना सगळ्यांनाच लागू पडते.

एवढं वाचून कुणी म्हणेल, बाई जाऊच नका म्हणतात. तसं नाही. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षकाच्या हातात मालदीवचा करार होता. पगार बेताचा, बेट आडवळणी, पण शाळा, तास, घर, परतीचं तिकीट सगळं स्पष्ट लिहिलेलं. तो गेला आणि रमला. गैरसोयीचा करार आणि धूसर करार यांत लोक फार गल्लत करतात. गैरसोय पेलेल का, ते आपलं आपण ठरवता येतं. धूसर कराराचं काय ठरवणार?

मृणालने एजंटाला पाच प्रश्न ईमेलने पाठवले. उत्तर फोनवर आलं. “लेखी द्या,” ती म्हणाली. “एवढा संशय असेल तर राहू द्या, रांग लागलीय,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. तिला त्या रात्री झोप लागली, असं तिने सांगितलं. आता ती तिथल्या एका शाळेशी थेट बोलतेय, व्हिसाच्या पत्राची वाट बघतेय, आणि पवित्रची यादीही रोज उघडते. आई अजून धुसफुसते.

ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्यासाठी: पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, बँकेच्या नोंदी जपा, आणि पासपोर्ट व मूळ प्रमाणपत्रं एजंटाकडे असतील तर ती आधी परत मागा. तक्रार ई-मायग्रेटवर आणि मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात करता येते. तिकडे पोहोचून अडकलात तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ हे तक्रार पोर्टल. आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. पेढे वाटले असले तरी.