अमेरिकेत येणाऱ्या ज्येष्ठांचा विमा आणि आयुर्वेदाचा खर्च

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण दोघे मुलाकडे न्यू जर्सीला ग्रीन कार्डावर कायमचे येत आहात, आणि यजमानांच्या गुडघेदुखी व कंबरदुखीवर पुण्यात चालू असलेले पंचकर्म व होमिओपॅथीचे उपचार इथल्या विम्यातून मिळतील का, असे आपण विचारले आहे. हा खर्च जवळजवळ सगळा पदरचाच करावा लागेल, असे धरूनच निघावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली म्हणजे मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, आपोआप मिळते, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. नव्या ग्रीन कार्डधारकाला त्यासाठी इथे सलग पाच वर्षे राहावे लागते. त्यानंतरही, इथे नोकरी न केलेल्यांना मेडिकेअरचा रुग्णालयातल्या खर्चाचा भाग हप्ता भरून विकत घ्यावा लागतो. मुलाने वर्षानुवर्षे भरलेला कर त्यासाठी आपल्या खात्यात धरला जात नाही. २०२५ मध्ये त्या भागाचा पूर्ण हप्ता दरमहा माणशी ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागाचा १८५ डॉलर होता. पाच वर्षे भरताच नोंदणी करावी, कारण उशिराबद्दल हप्त्यावर दंड बसतो. तोवर राज्याच्या विमा बाजारातली पॉलिसी घ्यावी. तिथे जुन्या आजारामुळे नकार देता येत नाही, मात्र ग्रीन कार्ड मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायला हवा. पाहुण्यांसाठीच्या प्रवासी विम्यावर विसंबू नये. त्यात जुने आजार बहुधा वगळलेले असतात.

आता उपचारांविषयी. मेडिकेअर जानेवारी २०२० पासून ॲक्युपंक्चरचा खर्च देते, पण तो फक्त बारा आठवडे किंवा अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीसाठी: ९० दिवसांत १२ वेळा, गुण येत असेल तर आणखी ८ वेळा, आणि वर्षात जास्तीत जास्त २० वेळा. गुडघ्यासाठी ते मिळत नाही. शिवाय स्वतंत्र ॲक्युपंक्चरतज्ज्ञ मेडिकेअरला थेट बिल पाठवू शकत नाही, म्हणून वेळ ठरवण्याआधीच बिल कोणाच्या नावाने जाणार, हे विचारून घ्यावे. कायरोप्रॅक्टरकडचे (मणका व सांधे हाताने दाबून बसवणाऱ्या तज्ज्ञाकडचे) मणक्याचे हाताने केलेले उपचार ठरावीक दोषासाठी मिळतात. मालिश आणि होमिओपॅथी मिळत नाही. आयुर्वेदाच्या वैद्यांना वैद्यकीय परवाना देण्याची व्यवस्था इथल्या एकाही राज्यात नाही, त्यामुळे त्यांच्या बिलाला विम्यात जागाच नाही. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांत ॲक्युपंक्चरची किंवा व्यायामशाळेची जादा सोय कधीकधी असते, पण ती दरवर्षी बदलू शकते. गुडघ्यासाठी मला खरा भरवसा वाटतो तो फिजिओथेरपीचा. डॉक्टरांनी आवश्यक ठरवल्यास मेडिकेअर तिचा खर्च देते आणि दरवर्षी आधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम (डिडक्टिबल) भरल्यानंतर आपला वाटा २० टक्के राहतो.

औषधांबाबत मात्र मी विशेष आग्रह धरीन. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. यजमान रसौषधी किंवा भस्मे (धातू-खनिजांपासून केलेली औषधे) घेत असतील, तर प्रत्येकाचे नाव, घटक आणि मात्रा लिहून इथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ही यादी टाळणे धोक्याचे आहे.

भारतातली आरोग्य पॉलिसी बंद करू नका. विमा नियामकाच्या सूचनेनुसार एप्रिल २०२४ पासून कंपन्यांनी आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादी) उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवायचे आहे, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या पंचकर्माचा दावा तिथे करता येऊ शकतो. पॉलिसी एकदा खंडित झाली की या वयात जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो. परदेशी वास्तव्याची माहिती कंपनीला कळवून उत्तर लेखी घ्यावे. पंचकर्म भारतभेटीतच करावे, पण ती भेट सहा महिन्यांपेक्षा बरीच कमी ठेवावी, कारण लांबलेल्या गैरहजेरीमुळे ग्रीन कार्ड आणि मेडिकेअरसाठी मोजली जाणारी सलग पाच वर्षे, या दोन्हींवर प्रश्न उभे राहू शकतात.