सँक्टम २ : टॉवर नाही, मेझची घडी चुकतेय

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत मांडतो. तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ सँक्टम २ को-ऑपमध्ये, म्हणजे एकाच बाजूने मिळून खेळताय. टॉवर (आपोआप मारा करणाऱ्या तोफा) बांधून आणि स्वतः बंदूक चालवून कोअर, म्हणजे तळाचा गाभा, शत्रूंपासून वाचवायचा असा हा गेम. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोठा मेझ (शत्रूला वळवत नेणारी वाट) बांधलाय, टॉवर सगळीकडे सारखे वाटून ठेवलेत, सुरुवातीच्या वेव्ह, म्हणजे शत्रूंच्या लाटा, सहज निघतात आणि शेवटच्या दोन-तीन वेव्हमध्ये कोअर जातो. कोणता टॉवर बदलू, असं तुम्ही विचारलंय. शिवाय, टॉवर असताना बंदुकीचं एवढं काय, आणि पहिला भाग घ्यावा का, हेही.

टॉवर बदलू नका. तुम्ही निवडलेले टॉवर ठीक आहेत. मेझचा आकार आणि तुम्ही दोघं उभे राहता त्या जागा, चूक या दोन ठिकाणी आहे. दोन्ही एकमेकांत गुंतलेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॉवर एका शत्रूला एकूण किती इजा करतो, हे टॉवरच्या ताकदीइतकंच शत्रू त्याच्या टप्प्यात किती वेळ राहतो यावर ठरतं. हिशेबासाठी सोपे आकडे धरू. हे गेममधले नाहीत, माझे आहेत. एक टॉवर सेकंदाला १०० डॅमेज करतो आणि सरळ वाटेने जाणारा शत्रू त्याच्या टप्प्यात ६ सेकंद असतो. झाले ६००. असे चार टॉवर लांब वाटेवर अंतराअंतराने ठेवले तर शत्रूला एकूण २४०० बसतात. आता तेच चार टॉवर एका जागी आणा आणि वाट त्यांच्याभोवती अशी फिरवा की शत्रू तीनदा त्यांच्या टप्प्यातून जाईल. प्रत्येकाला १८ सेकंद मिळाले, म्हणजे ७२००. पैसे तेवढेच, टॉवर तेवढेच, मार तिप्पट.

तुम्ही म्हणाल, आमचाही मेझ नागमोडीच आहे की. आहे, पण तुमच्या ओळी फार लांब आहेत. शत्रू डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत चालत जातो, वळतो, परत डावीकडे येतो. डावीकडचा टॉवर त्याला डाव्या टोकापाशी दिसेल तेवढाच मारतो आणि मग तो परत येईपर्यंत गप्प बसतो. उजवीकडच्याचं तेच. कुठल्याही क्षणी तुमचे निम्मे टॉवर रिकामे उभे असतात. सुरुवातीला शत्रू कमी जीवाचे असतात म्हणून हे खपून जातं. शेवटच्या वेव्हचे शत्रू तेवढ्या मारात मरत नाहीत आणि जखमी होऊन का होईना, कोअरपर्यंत पोचतात. म्हणूनच तुम्हाला वाटतंय की गेम अचानक अवघड होतो.

म्हणून टॉवर बेस (ज्यांवर टॉवर बसतात आणि ज्यांनी मेझची भिंत होते ते ठोकळे) वापरताना लांब ओळी सोडा आणि छोट्या घड्या घाला. ओळीची लांबी साधारण एवढी ठेवा की मधे उभ्या केलेल्या टॉवरच्या टप्प्यात तिची दोन्ही टोकं येतील. नेमकी किती, ते टॉवर ठेवताना दिसतंच. घड्या जवळजवळ आल्या की आजूबाजूच्या ओळींतले शत्रूही एकमेकांजवळ येतात, मग स्फोट होणारं कुठलंही हत्यार एका फटक्यात दोन ओळींना लागतं. जमिनीचा उरलेला भाग मोकळा राहिला तर राहू दे. मोकळी जमीन बघून हात शिवशिवतात हे मला माहीत आहे, मीही सुरुवातीला प्रत्येक कोपरा भरायचो.

पैशांचंही त्याला जोडूनच. सँक्टम २ मध्ये टॉवरच्या संख्येला मर्यादा आहे, आणि बांधलेल्या टॉवरमध्ये आणखी स्रोत ओतून तो वाढवता येतो. घडीच्या मध्यावरचा टॉवर सर्वांत जास्त वेळ मारा करतो, म्हणून तुमचा प्रत्येक जादा पैसा तिथेच सर्वांत जास्त कामाला येतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही सगळ्या टॉवरना थोडंथोडं देत आला आहात. त्यापेक्षा मधले दोन-तीन निवडा आणि तेच वाढवत न्या. कोणते, हे शत्रूवर अवलंबून. लाइटनिंगचा फटका मोठा असतो पण दोन फटक्यांमध्ये वेळ जातो. लहान, पळणाऱ्या शत्रूंच्या झुंडीवर तो मोठा फटका अर्धा वाया जातो, तिथे गॅटलिंग बरा. जाड शत्रूंसाठी उलट.

आता बंदूक. तुमच्या भावाने लिहिलंय की टॉवर नीट लावले तर आपण नुसतं बघत बसायला हवं. निव्वळ टॉवर डिफेन्समध्ये ते खरं आहे. सँक्टमची मांडणी वेगळी आहे. इथे तुम्ही स्वतः एक टॉवर आहात, आणि पटावरचा एकमेव असा टॉवर की जो चालतो, उडी मारतो आणि नेम धरून मारतो. बहुतेक ल्यूमना (या गेममधल्या शत्रूंना) अंगावर एक कमजोर जागा असते. तिथे लागलेली गोळी कितीतरी जास्त काम करते. काहींची ही जागा पाठीकडे असते. टॉवर जिथे आहे तिथूनच मारणार. मागे जाऊन, कोन साधून पाठीत मारायचं काम माणसानेच करायचं. म्हणून मेझ काढताना पहिला विचार हा करायचा की मी कुठे उभा राहणार आणि तिथून मला काय दिसणार.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तुमच्यासारखीच गत आमची झाली होती. मी पुण्यात, मावसभाऊ नाशकात, दोघं रात्री खेळायचो. एका नकाशावर आम्ही चार रात्री अडकलो. मेझ मोठा केला, टॉवर बदलले, पात्रं बदलली. पाचव्या रात्री मावसभाऊ म्हणाला, "मी या वेळी गोळी झाडत नाही, नुसता तुझ्याकडे बघतो." वेव्ह हरलो, पण त्याने सांगितलं ते कामाचं होतं. मी पूर्ण वेळ पळत होतो. शत्रू एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला की तो मला दिसेनासा व्हायचा, मी वळसा घालून पुढे यायचो, तोवर तो पुढच्या ओळीत. मिनिटातला बराच वेळ माझी बंदूक बंदच होती. आम्ही मेझ टॉवरच्या सोयीने बांधला होता आणि बांधणाऱ्यालाच त्यात जागा नव्हती.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. रिकाम्या नकाशावर दोघं फिरलो आणि एक उंच कठडा शोधला, जिथून बरीच जमीन दिसत होती आणि कोअर मागे चार उड्यांवर होता. आधी तो कठडा पक्का केला आणि मग त्याच्यासमोर घड्या घातल्या, अशा की तिथून तीन ओळी एकाच वेळी दिसाव्यात आणि शत्रू वळला की त्याची पाठ आमच्याकडे यावी. आधीपेक्षा कमी बेस लागले. त्या रात्री नकाशा सुटला. मावसभावाने फोन करून आरडाओरडा केला तो अजून आठवतो.

तुम्ही दोघं आहात, तेव्हा कामं वाटून घ्या. एकाने घडीवर, एकाने कोअरजवळ. दोघंही घडीवर राहिलात तर निसटलेला एखादा शत्रू सगळा खेळ संपवतो. सँक्टम २ मध्ये ल्यूम कोअरपाशी आला की लगेच सगळं संपत नाही. तो कोअरवर प्रहार करत राहतो, आणि तेवढ्या वेळात त्याला मारता येतं. खेळायच्या पात्रांपैकी कोअरपाशी हेगन उत्तम, शॉटगन हातात आणि जीव भरपूर. सिमोकडे स्नायपर आहे, त्याला लांब सरळ पट्टा लागतो, म्हणून मेझच्या शेवटी मुद्दाम एक सरळ ओळ ठेवा आणि तिच्या टोकाला त्याला उभं करा. स्वीटचं रॉकेट लाँचर गर्दीच्या वळणांवर. स्काय या सगळ्यांच्या मधली, असॉल्ट रायफल घेऊन कुठेही चालते. तुम्ही दोघांनी स्काय आणि सिमो घेतलेत असं दिसतंय, म्हणजे कोअरपाशी कोणीच जवळून मारणारा नाही. भावाला एकदा हेगन देऊन बघा.

उडणाऱ्या शत्रूंवर फार लिहीत नाही. त्यांना मेझ लागू नाही, ते थेट कोअरकडे येतात. पुढच्या वेव्हमध्ये कोण येणार ते गेम आधी दाखवतो, ते वाचल्याशिवाय वेव्ह सुरू करू नका, बस.

कोअरमधून पडणारे स्रोत हाताने उचलावे लागतात, तेव्हा कोण काय उचलणार हे वेव्ह संपायच्या आधीच बोलून ठेवा. दोन भावांमध्ये यावरून भांडण होतं, हे मी पाहिलंय. आणि फीट्स ऑफ स्ट्रेंथ (खेळ मुद्दाम अवघड करणारे ऐच्छिक पर्याय) सध्या बंद ठेवा. त्यातून अनुभवाचे गुण जास्त मिळतात, नवे टॉवर आणि पर्क (पात्राला लावायच्या खास क्षमता) लवकर उघडतात, हे खरं. पण शत्रू आणखी चिवट झाले की तुमची मेझची चूक आहे की अडचण फीटची, हे कळणारच नाही. आधीचे सोपे नकाशे फीट लावून परत खेळा, गुण तिथून मिळवा.

पहिल्या भागाबद्दल. घ्या. पण दुसऱ्यासारखाच असेल असं समजून घेऊ नका.

सँक्टम मूळचा अनरियल टूर्नामेंट ३ या गेमचा मॉड, म्हणजे त्यात बदल करून बनवलेला खेळ. स्वीडनमधल्या शोव्दे गावात तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांनी कॉफी स्टेन स्टुडिओज उभा केला, आणि या मॉडचा स्वतंत्र गेम करून तो एप्रिल २०११ मध्ये आणला. मेझ बांधायचा प्रकार तेव्हा नवा नव्हता. वॉरक्राफ्ट ३ च्या खेळाडूंनी बनवलेल्या नकाशांमध्ये तो रुजला होता आणि २००७ च्या डेस्कटॉप टॉवर डिफेन्समुळे ब्राउझरमध्ये घरोघरी पोचला होता. पण तिथे तुम्ही वरून, आकाशातून बघत असता. सँक्टमने खेळणाऱ्याला त्याच मेझमध्ये जमिनीवर उभं केलं. आपण बांधलेल्या भिंतीपलीकडून काय येतंय ते दिसत नाही, ही भीती वरून बघताना कधी वाटतच नाही. मला या गेमचं जे प्रेम आहे ते इथून सुरू होतं.

पहिल्या भागात एकटी स्काय आहे आणि तिचं शहर वाचवायचंय. मुख्य फरक पैशांचा. तिथे एकाच पिशवीतून टॉवरही वाढवायचे आणि बंदुकाही. प्रत्येक वेव्हनंतर हा पेच असतो : लाइटनिंग वाढवू की स्नायपर? दुसऱ्या भागात पैसे फक्त टॉवरवर जातात, मुख्य बंदूक पात्राबरोबर ठरलेली येते. खेळ त्यामुळे वेगवान झाला, चौघांना एकत्र खेळायला सोपा झाला, पण तो पेच गेला, आणि माझ्या मते पहिल्या भागाचा जीव त्या पेचात होता. तिथे जमिनीवर अंथरायचे स्लो फील्डही आहेत. शत्रूचा वेग अर्धा झाला की त्या तुकड्यावर मारा करणाऱ्या प्रत्येक टॉवरला दुप्पट वेळ मिळतो. वरच्या हिशेबात बसवून बघा, चार नवे टॉवर विकत घेतल्यासारखं आहे. ही गोष्ट पहिला भाग जितकी स्पष्ट शिकवतो तितकी दुसरा शिकवत नाही.

दुसरा भाग मे २०१३ चा, कथेच्या क्रमाने पहिल्याच्या आधीचा, म्हणून कोणता आधी खेळलात याने काही बिघडत नाही. त्याच्या चार डीएलसी (वेगळे घ्यायचे जादा भाग) आहेत. त्या आत्ता नकोत. मूळ नकाशे फीट लावून सुटायला लागले की मग घ्या. याच स्टुडिओचा सॅटिस्फॅक्टरी तुमच्यापैकी कोणी खेळला असेल, तर जमिनीवर उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांसमोर बांधत जायची ती सवय कुठून आली हे सँक्टममध्ये लगेच ओळखू येईल.

आता हे करून बघा. तोच नकाशा, तेच टॉवर. आधी दोघांनी रिकाम्या जमिनीवर फिरून उभं राहायची जागा ठरवा. मग त्या जागेसमोर छोट्या घड्या, मधे दोन-तीन टॉवर, भाऊ कोअरजवळ हेगन घेऊन. पहिल्या दोन वेव्हमध्ये गडबड वाटेल, मेझ अपुरा असेल, तेवढं बंदुकीने निभावून न्या. तरीही हरलात तर कुठल्या वेव्हला, कोणता शत्रू निसटला आणि त्या क्षणी तुम्ही दोघं कुठे उभे होता, एवढं लिहा. नकाशाचा वरून घेतलेला स्क्रीनशॉट टाकलात तर घडी कुठे घालायची ते मी त्यावर आखून देतो.