जुने लेख ब्लॉगरवर आहेत, मराठी ब्लॉग वीस वर्षं टिकवायचा असेल तर ह्यूगो घ्यावं की जेकिल?

दोन्हीपैकी कुठलंही घ्या, फरक पडत नाही, लेख तेवढे साध्या मार्कडाउन फाइलींत (साधा मजकूर, शीर्षक-ठळक वगैरेसाठी थोड्या खुणा) ठेवा. ही टूलं फाइलींवरून साइट बनवून देतात इतकंच, एक बंद पडलं तर दुसरं थोड्या फेरफाराने त्याच फाइली वाचेल, आणि कुठलंच टूल नसलं तरी नोटपॅडमध्ये लेख वाचता येतो की. वरती शीर्षक आणि तारीख, बास. ह्यूगोचे शॉर्टकोड (व्हिडिओ वगैरे बसवायच्या त्याच्या खास खुणा) मात्र लेखात घुसवू नका, ते बाकी कुणाला कळत नाहीत आणि सगळीकडे पसरले की काढताना जीव जातो.

पण मराठीत खरी मेख अक्षरांची आहे. एका मित्राच्या वडिलांचे जुने लेख शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत, फाइल धडधाकट उघडते पण फॉन्ट नसेल तर समोर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण त्या फॉन्टांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. म्हणून यूटीएफ-८ युनिकोडच (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) पाहिजे, त्यात तडजोड नको.

आणि युनिकोडमध्येही एक भानगड आहे जी फार कमी लोक सांगतात. ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं, त्याआधी अ वर चंद्र देऊन काम चालायचं आणि काही कीबोर्ड अजूनही तेच देतात. तसंच कऱ्हाड. यातला अर्धा र कुणी नुक्तावाल्या ऱ ने लिहितं, कुणी साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून, स्क्रीनवर दोन्ही अगदी सेम दिसतात पण ग्रेपने (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) शोधलं की निम्मेच लेख सापडतात आणि बाकीचे आहेत हे आपल्याला कळतच नाही! एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळं लिहिलेलं एकसारखं करायची युनिकोडची पद्धत) लावूनही हे जुळत नाही. मी छोटी पायथन स्क्रिप्ट गिटच्या (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं टूल) प्री-कमिट हुकला लावलीय, म्हणजे बदल नोंदवण्याआधी ती आपोआप चालते आणि या दोन जोड्या एकसारख्या करते. सरसकट सगळे झेडडब्ल्यूजे मात्र उडवू नका, काही जोडाक्षरं मुद्दाम सुटी दाखवायला ते लागतात.

फाइलींची नावं मराठीत ठेवलीत तर गिट स्टेटसमध्ये नावाऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतील, घाबरू नका, गिटचं कोअर डॉट कोटपाथ (core.quotepath) हे सेटिंग फॉल्स केलं की नावं नीट दिसतात.

तुमचे जुने लेख ब्लॉगरवर आहेत म्हणालात. तिथल्या बॅकअपमध्ये लेखांची एक्सएमएल प्रकारची फाइल मिळते, त्यातला एचटीएमएल काढून पॅनडॉकला (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारं टूल) दिला की मार्कडाउन मिळतं, थोडी हाताने साफसफाई लागेल. फक्त त्या एक्सएमएलमध्ये फोटो नसतात, नुसत्या लिंका असतात, तेव्हा ब्लॉग चालू आहे तोवरच फोटो उतरवून लेखाच्या फोल्डरमध्येच टाका.